वहिनी : रक्ताचं नातं नाही

चप्पल : नातेवाचक शब्द नाही. वगळला.

अण्णा मंदिरातून परत आले ते एकाच पायात चप्पल घालून.

केतकी दारात उभी होती. तिनं त्यांच्या पायांकडं बघितलं, मग रस्त्याकडं, मग पुन्हा पायांकडं.

"दुसरी कुठाय?"

"दुसरी काय?"

"चप्पल, अण्णा. एकच हाय पायात."

अण्णांनी मान खाली घातली. उजवं पाऊल उघडं होतं. टाचेत खडी रुतली होती आणि रक्ताची बारीक रेघ थेट फाटकापर्यंत गेली होती. शेजाऱ्याचं कुत्रं आपल्या अंगणात येऊन बसावं आणि आपण त्याच्याकडं बघावं, तसं ते त्या पावलाकडं बघत राहिले.

"चोर बी काय इरसाल," ते म्हणाले. "जोडीतली एकच नेली."

"चालता चालता काढून नेली काय?"

"मिरजेचा चोर हाय. गल्लीगल्लीत दवाखाने. शिकला असंल कुठंतरी भूल द्यायला."

केतकी हसली. तिनं त्यांना पायरीवर बसवलं, पाऊल धुतलं आणि सुईनं खडी काढायला घेतली. अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या जुन्या गोष्टी सांगत होते. उसाच्या गाडीत दगड भरून आणणाऱ्या एका बहाद्दराची गोष्ट ऐन रंगात होती. सुई आत गेली, वळली, खडी घेऊन बाहेर आली. गोष्ट कुठं थांबली नाही.

"दुखलं?" केतकीनं विचारलं.

"काय?"

साखर तपासली. नव्हती. जीवनसत्त्वं तपासली. ठीक होती. पत्नी गेल्यापासून अण्णा लेकीकडं मिरजेत राहत होते, खाऊनपिऊन सुखी होते. केतकीनं लग्न केलं नव्हतं, त्यामुळं घरात दोघंच आणि भांडायला टीव्ही. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

वय झालंय, हे केतकीनं ऐकून घेतलं. पण ती ज्या केंद्रात काम करत होती तिथं हे दोन शब्द चालत नसत.

पणती : १. मातीचा लहान दिवा. २. नातवाची किंवा नातीची मुलगी. संदर्भ पाहून ठरवावे.

केंद्र मिरजेच्या बाहेर, माळावर होतं. तिथल्या यंत्रप्रणालीचं नाव पणती. नाव ठेवताना कुणाला तरी दोन्ही अर्थ एकदम सुचले होते आणि त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले होते.

पणतीचं काम समजायला सोपं होतं. माणसाच्या पेशीत तीनशे कोटी अक्षरांची एक पोथी असते. प्रत्येकाच्या पोथीत लाखो ठिकाणी एखादं अक्षर वेगळं असतं. त्यातलं कुठलं वेगळेपण नुसतं वेगळेपण आहे आणि कुठलं घात करणार, हे अक्षराकडं कितीही टक लावून बघितलं तरी कळत नाही. ज्यांच्याकडं ते अक्षर होतं त्यांचं पुढं काय झालं, हे बघावं लागतं. आणि पुढं काय झालं, हे पोथीत नसतं. ते माणसांच्या बोलण्यात असतं. आजी कशानं गेली, मामाचे हात कधी थरथरायला लागले, कुठल्या चुलत्याला भर पन्नाशीत काठी लागली.

म्हणून पणती थुंकी घ्यायची आणि गप्पा मारायची. लाखो माणसांशी, त्यांच्या बोलीत, न कंटाळता. गप्पांमधून ती वंशवृक्ष काढायची, वृक्षावर आजार मांडायची आणि मग आजारांच्या रांगा अक्षरांच्या रांगांशी ताडून बघायची. शंभर संशोधकांना जन्म पुरला नसता ते काम ती दुपारच्या जेवणाआधी उरकायची.

सुरुवातीला गमती झाल्या. ह्या भागात माणसाचं पाळण्यातलं नावच काकासाहेब असतं, मामासाहेब असतं. बाईचं नाव अक्काताई असतं. पहिल्या महिन्यात पणतीनं एका काकासाहेबांना त्यांच्याच बायकोचा चुलता ठरवलं होतं. केंद्रात हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती शिकली, ऐकलेल्या शब्दागणिक नोंद करत गेली : कुठला नात्याचा, कुठला वगळायचा. शहाणी झाली. तिच्या चुका हसण्यासारख्या राहिल्या नाहीत.

केतकीनं अण्णांचा अहवाल काढला. चार वर्षांपूर्वी, प्रकल्प सुरू झाला तेव्हा, तिनंच त्यांना नेऊन बसवलं होतं. घरातलं कार्य असल्यासारखे ते इस्त्रीचा सदरा घालून आले होते.

अहवालात एक अक्षर वेगळं होतं. केतकीला ते माहीत होतं. तिच्या स्वतःच्या अहवालातही तेच होतं. यकृत एक प्रथिन तयार करतं, त्याच्या कृतीत हे अक्षर येतं. अशी अक्षरं बदलली की कधी कधी प्रथिनाची घडी चुकते. घडी चुकलेलं प्रथिन रक्तातून फिरत राहतं आणि कढईच्या बुडाला काकवी धरावी तसं मज्जातंतूंवर धरत जातं. आधी पावलं जातात. मग हात. शेवटी हृदय. ह्यावर आता इंजेक्शन होतं. ते यकृताला सांगायचं, ही कृती वाचू नकोस. आजार आहे तिथं थांबायचा. गेलेलं मात्र परत यायचं नाही.

पण अक्षर बदललं म्हणजे घडी चुकतेच असं नाही. ह्या अक्षरापुढं पणतीनं शिक्का मारला होता : निर्धोक.

म्हणून इंजेक्शन नव्हतं. ना अण्णांना, ना केतकीला, ना वारणेच्या आणि कृष्णेच्या काठानं हेच अक्षर अंगात घेऊन वावरणाऱ्या काही शे माणसांना. कुठल्यातरी एकाच पूर्वजापासून आलेलं अक्षर. गावोगाव पोरीबाळींबरोबर नांदायला गेलेलं.

ऊस : नातेवाचक शब्द नाही. वगळला.

पणती शिक्का मारते तेव्हा कारण देते. नावं देत नाही. नावं कुलूपबंद असतात आणि कर्मचाऱ्याला आपल्या नातलगाची मुलाखत उघडता येत नाही. पण कारण सगळ्यांना वाचता येतं.

केतकीनं कारण उघडलं.

*हे अक्षर असलेल्या बहुतेकांचं वय अजून कमी. वृद्धांच्या मृत्यूची कारणं संदिग्ध. सर्वात सबळ पुरावा एका कुटुंबातून : माहिती देणाऱ्याच्या आजोळाकडील दूरच्या भावकीतही हेच अक्षर, म्हणजे ते आईकडून आलेलं. आई निरोगी. नव्वदीपर्यंत चालती-फिरती. "नव्वदाव्या वर्षी ऊस दातानं सोलायची अन् चोथा उंबऱ्यापलीकडं थुंकायची."*

केतकीनं ते वाक्य पुन्हा वाचलं.

लहानपणी ऊस खायला नाही म्हटलं की तिला हे वाक्य ऐकावं लागे. लग्नकार्यात दातांचा विषय निघाला की हे वाक्य निघे. दंतवैद्याच्या खुर्चीत, तोंडात कापूस असतानासुद्धा, अण्णांनी हे वाक्य म्हणायचा प्रयत्न केला होता. ह्यात नाव कशाला हवं होतं?

आणि ऊस सोलणारी ही बाई अण्णांची आई नव्हती.

ती अण्णांची आजी. पद्माबाई. अण्णांचे वडील तिला आई म्हणायचे, म्हणून चुलते आई म्हणायचे, म्हणून घरातली झाडून सगळी पोरं तिला आईच म्हणायची. आणि अण्णांना जिनं जन्म दिला तिला दीर वहिनी म्हणायचे, नणंदा वहिनी म्हणायच्या, म्हणून अण्णाही वहिनी म्हणायचे. घरोघरी हेच होतं. कुणी बापाला भाऊ म्हणे, कुणी दादा. पोरं ऐकून बोलतात.

वहिनींना केतकीनं पाहिलं नव्हतं. फक्त माहीत होतं की त्या पायाच्या दुखण्यानं गेल्या.

तिला वाटलं, आता आपल्याला काहीतरी वाटेल. तिनं थोडी वाट बघितली. मग चहाची वेळ झाली म्हणून ती उठली.

भाऊ : सख्खा. रक्ताचं नातं. (चुलत, मावस, मानलेला : वेगळी नोंद पाहावी.)

डॉ. फरहत मुजावर केंद्राच्या प्रमुख. संख्याशास्त्रात आयुष्य गेलेलं, त्यामुळं बातमी वाईट असली तरी आधी खात्री करणाऱ्या. त्यांनी केतकीचं सगळं ऐकून घेतलं, मग आपल्या अधिकारात अण्णांच्या मुलाखतीचा तेवढाच तुकडा उघडला.

अण्णांचा चार वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत आला. खणखणीत.

*"...आई? आईला काय धाड भरली हुती? नव्वदाव्या वर्षी ऊस..."*

*"त्या कोणत्या वर्षी वारल्या?"*

*"सालं कुणाच्या ध्यानात राहत्यात? वारली म्हातारी हुन. वहिनी मात्र लवकर गेल्या. पाय गेले त्यांचे. हालहाल झाले."*

*"वहिनींविषयी वाईट वाटलं. आता वडिलांविषयी सांगाल?"*

डॉ. मुजावरांनी तुकडा बंद केला.

"चुलत भाऊ पाच," त्या पडद्यावर बघत म्हणाल्या. "त्यांपैकी एकाची बायको असं धरलंय. म्हणजे झाडाबाहेर. आजार आला, पण झाडाबाहेर."

"मॅडम, आजीला ते 'ती' म्हणतात. वहिनींना 'त्या'. पणतीनं तेसुद्धा मोजलं असणार. जवळची ती, लांबची त्या."

"मोजलंय. बघ, इथं. ममत्व जास्त, ममत्व कमी." त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडं अब्बांना सगळे भाईजान म्हणायचे. मी पण. म्हणजे हिच्या हिशेबात मला बाप नाही, एक पोक्त भाऊ आहे."

दोघी हसल्या. हसू लगेच संपलं.

रागवायला कुणी नव्हतं. पणतीला वहिनी म्हणजे भावाची बायको हे कुणी खोटं शिकवलं नव्हतं. लाखो पानं वाचून ती शिकली होती आणि लाखो पानांत तेच होतं. छापताना कुणी आपल्या आईला वहिनी लिहीत नाही.

"सोमवारी नवी आवृत्ती जातेय," डॉ. मुजावर म्हणाल्या. "देशभर. निर्धोक म्हणून गेलेली अक्षरं कुणी पुन्हा उघडत नाही. उघडायला वेळ कुणाला आहे? त्याआधी दुरुस्ती झाली पाहिजे."

"मी लिहून देते."

"तू सांगितलंस म्हणून मी कुणाची आई बदलू शकत नाही, केतकी. तू इथं नोकरीला आहेस, आणि हे अक्षर तुझ्यातही आहे. माहिती ज्याची, शब्द त्याचा. त्यांना आण. त्यांच्या तोंडून येऊ दे."

"एवढंच?"

"एवढंच. वहिनी माझी आई, असं त्यांनी म्हणायचं."

वास्तू : नातेवाचक शब्द नाही. वगळला.

अण्णा भाकरी मोडता मोडता थांबले.

"नाही म्हणणार," ते म्हणाले.

सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम. खिडकीतून उन्हाची तिरीप ताटावर आली होती. केतकीनं त्यांना सगळं सांगितलं होतं, अगदी सावकाश, काकवीची कढईसुद्धा.

"खोटं थोडंच बोलायचंय, अण्णा? खरं तेच."

"खरं हाय म्हणून भरल्या घरात काहीबी बोलायचं? वास्तू तथास्तु म्हणत असती." त्यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "मला काय व्हायचं ते हू दे. सत्तरी गाठली. पण तू म्हणालीस, ते तुझ्यात बी हाय."

"हाय."

"मग? मी म्हणायचं, वहिनींचा आजार आमच्या रक्तात हाय. म्हणजे तुझ्यात. बापानं आपल्या तोंडानं?"

 अण्णा हात न धुता तसेच बसून राहिले.

"आम्ही पोरं वहिनींच्या तळव्यांना गुदगुल्या करायचो," ते एकदम म्हणाले. "दुपारच्या त्या आडव्या झाल्या की. पैज लावायचो, कोण हसवतंय. आत्यांना बोट लावलं की किंचाळायच्या. वहिनी हसायच्याच नाहीत. आम्हाला वाटायचं, काय कडक बाई हाय. मी शाळेत सांगायचो, आमच्या वहिनींना गुदगुल्याच होत नाहीत."

"मग?"

"मग काय. एकदा चुलीतला इंगळ बाहेर पडला. त्या त्यावर पाऊल टेकवून भाकरी थापत होत्या. वास आला तेव्हा आईनं येऊन त्यांना ओढलं." ते थांबले. "आईनं म्हणजे माझ्या आजीनं. बघ, मला बी आता सांगावं लागायला लागलं."

तिरीप ताटावरून भिंतीवर गेली.

"अण्णा," केतकी म्हणाली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा तरी, नीट वाचून दाखवलेला, असा वाटला. "वास्तू चार वर्षांमागंच तथास्तु म्हणालीय. तुम्ही 'आई ठणठणीत' म्हणालात ना, तेव्हाच. त्या शब्दावर किती घरांतली माणसं गाफील बसलीत. आपण पण."

अण्णांनी ताट बाजूला सारलं. मग वजनकाट्यावरचा माणूस जसा दोन्ही बाजू बघतो तसं त्यांनी आधी तिच्याकडं, मग छताकडं बघितलं.

"हितं घरात नाही बोलणार," ते म्हणाले.

"नका बोलू. केंद्रात बोला. तिथली वास्तू ट्रस्टची हाय."

अण्णा पहिल्यांदा हसले. "ट्रस्टच्या वास्तूचं तथास्तु कुणाला लागतंय?"

"त्यांचं ते बघतील."

"इस्त्रीचा सदरा काढ मग," अण्णा म्हणाले आणि हात धुवायला उठले. उठताना डाव्या पायातली सपाता तिथंच राहिली. ते तसेच मोरीपर्यंत गेले.

मुलाखत, दुसरी. माहिती देणारे : धनपाल मगदूम. सोबत : मुलगी (बोलण्याची परवानगी नाही).

पणती : नमस्कार. आपल्या आईंविषयी सांगाल का?

अण्णा : कुठल्या?

पणती : आपल्याला एकाहून जास्त आई आहेत का?

अण्णा : एक म्हणायची, एक असायची.

पणती : हे वाक्य मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?

अण्णा : मागच्या खेपेला ऊस सोलणारी सांगितली ती माझी आजी. वडलांची आई. सगळी आई म्हणायची म्हणून आम्ही बी.

पणती : नोंद घेतली. मग आपल्या आई कोण?

अण्णा : वहिनी.

पणती : वहिनी म्हणजे भावाची पत्नी. कोणत्या भावाची?

अण्णा : माझ्या नव्हे. चुलत्यांच्या भावाची. म्हणजे माझ्या वडलांची. (थांबतात.) च्यायला, तू बी बरोबर हायस म्हणा.

पणती : धन्यवाद. तर वहिनी आपल्या वडिलांच्या पत्नी. त्या आपल्या सावत्र आई का?

अण्णा : ए बाई!

(अण्णा खुर्ची पुढं ओढतात.)

अण्णा : मी वहिनींच्या पोटचा. लिही तसं. मला कुणी शिकवलं नाही की ह्यांना आई म्हण. कॉलेजला गेलो, पोरं आईची पत्रं वाचायची, तेव्हा वाटलं आपण बी म्हणावं. सुट्टीला आलो की ठरवून यायचो. जीभ वळायची नाही. मोठा झालेला घोडा, एकदम आई काय म्हणणार? शेवटी शेवटी त्यांना हाताची बोटं बी कळायची नाहीत. मी हात धरून बसायचो, तर बघितल्याशिवाय त्यांना समजायचं नाही की धरलाय. तेव्हा तोंडाशी आलं होतं. (थांबतात.) त्या म्हणाल्या, धनू, चहा घे जा.

पणती : वहिनींविषयी वाईट वाटलं.

अण्णा : ते तू मागं बी म्हणाली होतीस.

पणती : खात्रीसाठी विचारते. आपल्याला जन्म देणारी, पावलांच्या आजाराने वारलेली स्त्री आपली आई होती. होय किंवा नाही म्हणा.

(अण्णा मुलीकडं बघतात. मुलीला बोलण्याची परवानगी नाही.)

अण्णा : होय. माझी आई.

पडद्यावरचं झाड हललं. एका कोपऱ्यात, चुलतभावांच्या आडोशाला एक गोल एकटाच होता. तो सुटला, सरकत आला आणि अण्णांच्या डोक्यावर येऊन थांबला. आधीचा गोल एक मजला वर गेला. गोलाखालचं 'वहिनी' पुसलं जाऊन तिथं 'आई' आलं. आणि मग वरून एक रंग खाली उतरायला लागला. आईत आला, अण्णांत आला, त्यांच्या खालच्या एकुलत्या एका गोलात आला.

अण्णा नुसते पडद्याकडं बघत होते.

"तेवढं वहिनी खाली असू दे," ते म्हणाले. "कंसात का होईना."

घाबरून जाऊ नये : शब्द नव्हे, सूचना.

सोमवारच्या आवृत्तीत अक्षरापुढचा शिक्का बदलला. एका म्हाताऱ्याच्या एका शब्दावर नव्हे. तो शब्द लागल्यावर पणतीनं सगळं पुन्हा ताडलं, जुन्या मुलाखती चाळल्या आणि तिला दिसायला लागलं. कुणाच्या काकी काठी टेकत होत्या, त्या आई निघाल्या. कुणाचे पायानं गेलेले दादा, ते बाप निघाले. आधी झाडाबाहेर फेकलेली, भलत्या फांदीवर टांगलेली माणसं आपापल्या जागी परत आली. आपला आजार घेऊन.

दुपारी काही शे फोन वाजले. नदीकाठानं, शाळांत, दुकानांत, शेतात, कुणाच्या साखरपुड्यात.

केतकीचाही वाजला. मजकूर तिचाच होता. केंद्राचे सगळे संदेश तीच लिहायची. *आपल्या जनुकीय अहवालातील एका नोंदीचा अर्थ बदलला आहे. घाबरून जाऊ नये. पुढील तपासणीसाठी संपर्क साधावा.*

तिनं तो शेवटपर्यंत वाचला. ती घाबरली नाही. सूचना पाळली गेली.

 केतकीनं चप्पल काढून पाऊल फरशीवर टेकवलं. फरशी गार असायला हवी होती. गार होती बहुतेक. एवढ्या वर्षांत तिनं फरशीला कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं आधी किती गार असायची ते आठवेना.

गुदगुल्या : नातेवाचक शब्द नाही. वगळला.

तपासणीच्या खोलीत दोन कॉट होत्या, बापाला एक, लेकीला एक. सिस्टरच्या हातात नायलॉनचा दोरा होता, आखूड, ताठ, पेनासारख्या दांड्यात बसवलेला. तो तळव्यावर वाकेपर्यंत टेकवायचा, बस्स. एवढ्या मोठ्या यंत्राचा प्रवास इथं येऊन एका दोऱ्यावर थांबला होता.

"डोळे मिटा आजोबा. कळलं की हो म्हणायचं."

"हो," अण्णा म्हणाले.

"अजून लावला नाही."

"बरं."

सिस्टर वाकली.

"हो," अण्णा म्हणाले. "हो. हो."

"आजोबा, परीक्षा नाही ही. मी अजून दोरा टेकवलाच नाही."

"मग टेकव की बाई. मी कवाधरनं हो म्हणतोय."

सिस्टरनं दोरा टेकवला. इकडं, तिकडं, टाचेला, अंगठ्याला. दोरा वाकला, सरळ झाला. अण्णा आता काटेकोरपणे गप्प होते. पास व्हायचं असेल तर घाई करू नये, हे त्यांना समजलं होतं.

मग केतकी.

डोळे मिटल्यावर डावं पाऊल आधी आलं. अंगठा. "हो." बोटांच्या मुळाशी. "हो." कडेला. "हो." दोरा मुंगीसारखा चालत होता, प्रत्येक पाऊल कळत होतं. तिला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.

मग सिस्टर उजवीकडं गेली असावी. सपातांचा आवाज आला. केतकी वाट बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. पंखा फिरत होता. सिस्टर काहीतरी शोधत असेल, दोरा बदलत असेल, असं तिला वाटलं. सुरू केलं की आपण हो म्हणू.

"झालं," सिस्टर म्हणाली. "ही बाजू पण झाली."

केतकीनं डोळे उघडले.

"इंजेक्शन ह्याच आठवड्यात," सिस्टर लिहिता लिहिता म्हणाली. "दोघांनाही. लवकर आलात तुम्ही, मॅडम. अगदी सुरुवात आहे. इथंच थांबेल."

अण्णा आपल्या कॉटवरून उतरले. उघड्या पावलांनी, जमीन कुठं आहे ते डोळ्यांनी बघत बघत, केतकीच्या पायांशी आले.

"दोऱ्यानं काय कळतंय?" ते सिस्टरला म्हणाले. "ही लहानपणी नुसतं बोट लागलं तरी गडाबडा लोळायची. मी सांगतो, हिला काय झालेलं नाही. बघा."

त्यांनी बोट पुढं केलं. वजनकाट्यावर आयुष्य काढलेलं, जाड बोट. ते उजव्या तळव्याकडं निघालं. अण्णांची नजर केतकीच्या तोंडावर होती.

केतकी हसली. खळखळून, पाय आखडून, पूर्वी हसायची तशी.

"बघा!" अण्णा म्हणाले. "वहिनी असल्या हसल्याच नसत्या."

सिस्टरचं लिहिणं थांबलं होतं. तिची नजर खाली होती, आणि तिनं बघितलं होतं. बोट अजून वीतभर लांब होतं.